शूर पुरुष आणि फराळाला आलेले मुडदे

२३ सप्टेंबर २००७, रविवार

आज मंडळाच्या बैठकीत माझा अपमान झाला. बाकीच्यांच्या मते चर्चा झाली.

ईडन प्रेरीतल्या आमच्या मराठी मंडळाचं दिवाळीचं नाटक अठरा वर्षं मी बसवते. नाटक ऐतिहासिक असतं, भाषा शुद्ध असते आणि सरदाराची भूमिका गुरुनाथ करतात. माझे यजमान. उंची सहा फूट, मिशी स्वतःची, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. माझं इतिहासाचं एम.ए. या देशात कशाच्या उपयोगी पडलं असेल, तर या नाटकांच्या. लिहिते मी, बसवते मी, आणि प्रयोगाला विंगेत प्रॉम्प्टिंगला बसते तीही मीच.

यंदा अध्यक्ष राजेश म्हणाला, "काकू, या वर्षी यंग ग्रुपला चान्स देऊ या. त्यांनी झॉम्बी कॉमेडी लिहिलीय."

"झॉम्बी म्हणजे?"

"म्हणजे मेलेली माणसं उठून चालायला लागतात आणि जिवंत माणसांना खातात."

"दिवाळीत?"

सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

नाटकाचं नाव 'मुडदे आले फराळाला'. मंडळाला शाळेचं सभागृह एकच दिवस मिळतं, १० नोव्हेंबर. तेव्हा नाटकही एकच होणार, त्यांचं किंवा माझं. नाट्यप्रमुख म्हणून मंजुरीची सही माझी लागते, एवढं राजेशने मान्य केलं. वाचन शनिवारी आमच्या घरी. सही करायची नाही हे ठरलेलं आहे. पण न ऐकता नाही म्हणणाऱ्यांतली मी नाही.

२९ सप्टेंबर, शनिवार

वाचन झालं. तिघे आले. शंतनू, नागपूरचा, लेखक. आश्लेषा, पुण्याची, दिग्दर्शिका. अनीश, मुख्य मुडदा. तिघेही सॉफ्टवेअरवाले, तिशीच्या आतले. बूट दाराशी नीट ओळीत काढले. तेवढं वळण आहे.

नाटक असं. एका घरी मंडळी फराळाला जमलेली आहेत. जवळच्या दफनभूमीतून मुडदे उठून येतात. मंडळींत रणधीर नावाचे एक गृहस्थ. मिशीला पीळ, कमरेला तलवार, कारण मंडळाच्या नाटकात ते सरदार असतात. रणधीर गरजतो, "सगळे माझ्या मागे या!" सगळे मागे वळून बघतात तर रणधीर सगळ्यांच्या मागे. तलवार उपसतो ती छताच्या पंख्यात अडकते आणि तिच्याबरोबर तोही गरागरा फिरतो. मुडद्यांपुढे छाती ठोकून भाषण करतो. मुडदे त्याच्या डोक्याचा वास घेतात आणि निराश होऊन पुढे जातात, कारण त्यांना मेंदू हवा असतो. शेवटी बर्फ काढायचं फावडं घेऊन त्याची बायको सगळ्यांना हाकलते.

मी म्हटलं, "ही आपल्या पुरुषांची टिंगल आहे."

"पुरुषांची नाही काकू," आश्लेषा म्हणाली. "पुरुषाने कसं असायला पाहिजे याची जी ॲक्टिंग चालते ना, तिची. झॉम्बी कॉमेडीत तेच तर असतं. नेहमीच्या सिनेमात हीरोने डायलॉग मारला की व्हिलन घाबरतो. मेलेला माणूस कशाला घाबरेल? बॉडी, मिशी, डायलॉग, त्याच्यासमोर काही म्हणजे काही चालत नाही."

"आमच्या ऑफिसात असेच आहेत यार सगळे," शंतनू म्हणाला आणि जीभ चावली. "सॉरी काकू. म्हणजे मीटिंगमध्ये 'आय विल हँडल इट', आणि सर्व्हर क्रॅश झाला की साहेब रेस्टरूममध्ये."

आणि गुरुनाथ हसत होते. चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा हसले. पंख्याच्या प्रवेशाला म्हणाले, "परत एकदा वाच रे."

रणधीर कुणावरून बेतला आहे हे मंडळातलं शेंबडं पोरही सांगेल, आणि हे हसतात! या गावात त्यांची एक प्रतिष्ठा आहे. १९८४ च्या जूनमध्ये टोर्नेडोचं वादळ आलं तेव्हा मला आणि चार वर्षांच्या दीपाला दोन हातांवर उचलून त्यांनी तळघरात नेलं. मंडळाच्या स्मरणिकेत ही हकीकत दोनदा छापून आली आहे. दर दिवाळीआधीच्या रविवारी मराठी शाळेतल्या मुलांना गुरुनाथ ती स्वतः सांगतात. अशा माणसाला पंख्याला लटकवायचं?

३ ऑक्टोबर, बुधवार

नकाराची कारणं लेखी द्यायची म्हणून ग्रंथालयातून तीन झॉम्बी विनोदपट आणले. तिथे मी बावीस वर्षं कॅटलॉगिंग केलं. काउंटरवरची मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. दोन दुपारी वही घेऊन पाहिले.

पिळदार दंडांचा माणूस पहिल्या वीस मिनिटांत खाल्ला जातो. त्याने बनियन घातलेलं असेल तर पंधरा. लष्करातला अधिकारी योजना समजावून सांगत असतानाच मागच्या खिडकीतून हात येतो. ज्याला कालपर्यंत नोकरीवर कुणी विचारत नव्हतं, तो तवा नाहीतर क्रिकेटसारखी कसलीशी बॅट घेऊन टिकतो, तोही बहुधा मैत्रिणीने ढकलल्यामुळे. बंदूक चालवता येते असं सांगणाऱ्या एकालाही ती चालवता येत नाही. आणि तिन्ही चित्रपटांत एक माणूस असा, ज्याला मुडदा चावलेला असतो आणि तो बाही खाली ओढून "मला काही झालेलं नाही" म्हणत सगळ्यांबरोबर हिंडतो. मूर्खपणा. झालंय ते सांगून का टाकत नाहीत?

हे लिहीत असतानाच एक वाजता भोंगा झाला. टोर्नेडोच्या भोंग्याची दर महिन्याच्या पहिल्या बुधवारची चाचणी. गुरुनाथ दूध आणायला गेले होते, गाडीतला रेडिओ मोठ्याने लावून. फ्रिजमध्ये दोन गॅलन दूध आहे. पहिल्या बुधवारी यांना नेमकं काहीतरी आणायचं आठवतं. निवृत्त माणसाला उद्योग लागतो.

७ ऑक्टोबर, रविवार

सही केली.

नकाराचं पत्र टाइप करून तयार होतं. जेवताना गुरुनाथ म्हणाले, "मला रणधीर करायचाय."

मी हातातला घास ताटात ठेवला. "लोक तुम्हाला हसतील."

"हसू दे की. विनोदी नाटक आहे."

मग मी शांतपणे विचार केला. बाहेरचा कुणी रणधीर झाला तर यांची नक्कल करणार. हे स्वतः उभे राहिले तर भूमिकेला आपोआप वजन येईल. शिवाय मी अट घातली: शेवटी रणधीरच्या हातून शूरपणाचं एक तरी कृत्य झालं पाहिजे, सर्वांसमक्ष. शंतनू फोनवर "ओके काकू, विचार करतो" म्हणाला.

गुरुनाथांनीही एक अट घातली. मी तालमींना यायचं नाही. "तुला बघितलं की मी ताठ उभा राहतो," म्हणाले. नवऱ्याने बायकोबद्दल इतकं चांगलं क्वचितच बोलावं. मी मान्य केलं.

२१ ऑक्टोबर, रविवार

तालमी आश्लेषाच्या घरी तळघरात चालतात. गुरुनाथांच्या गुडघ्यावर काळानिळा डाग. पडायचा सराव करतात म्हणे. पासष्टाव्या वर्षी! माझ्या नाटकांच्या वेळी यांना प्रयोगाआधी हमखास पित्त व्हायचं, दोन दिवस नुसत्या ताकावर असायचे. यंदा तालमीहून आल्यावर वरण-भाताची दुसरी वाढ घेतात. बाथरूममध्ये घशातून मुडद्याचे आवाज काढतात. मी दार वाजवून सांगितलं, भिंती पातळ आहेत.

२८ ऑक्टोबर, रविवार

प्रॉम्प्टिंगसाठी अंतिम संहिता आली. शेवटी नवा प्रवेश घातला आहे. तो मी तीनदा वाचला.

मुडदे घरात शिरतात. रणधीर पळत तळघरात जातो आणि आतून कडी लावतो. बायको लेकराला काखेत घेऊन बाहेर दार बडवते, "अहो, उघडा!" रणधीर दाराला पाठ लावून ओरडतो, "घरी कुणी नाही!"

शंतनूला फोन लावला. "हे कुठून आणलंस?"

"काकांनी सुचवलं, काकू. त्यांच्या एका मित्राच्या बाबतीत झालं होतं म्हणे. एकदम डार्क आहे, पण चालतंय स्टेजवर. शेवट वाचलात ना?"

शेवटी रणधीर कडी काढून बाहेर येतो आणि सगळ्या मंडळींपुढे सांगतो, "मला भीती वाटली. कडी मीच लावली."

"आणि माझी अट? शूरपणाचं कृत्य कुठे आहे?"

"तेच आहे ना, काकू." तो चाचरला. "आम्ही काकांना विचारलं, अजून मोठं काही टाकू का? फायटिंग वगैरे? ते म्हणाले, याहून मोठं मला माहीत नाही."

मी फोन ठेवला.

२९ ऑक्टोबर, सोमवार

मित्र वगैरे कुणी नाही. या वहीत खोटं लिहायचं नाही असा माझा नियम आहे आणि वर २९ सप्टेंबरला मी तो मोडला आहे.

त्या संध्याकाळी भोंगा झाला तेव्हा मी दीपाला न्हाऊ घालत होते. गुरुनाथ तळघरात गेले. दाराला आतून बोल्ट होता. मी ओल्या पोरीला घेऊन पोचले तर दार बंद. मी बडवलं. हाका मारल्या. आतून उत्तर नाही. मग मी परत बाथरूममध्ये गेले, टबात झोपले, दीपाला पोटाखाली घेतलं आणि तिच्या खाटेवरून ओढून आणलेली गादी वर घेतली. वादळ शेजाऱ्यांचं गॅरेज घेऊन गेलं. आमच्या खिडक्या फुटल्या. शेजारी धावत आले तेव्हा मी त्यांना सांगितलं की यांनी आम्हाला उचलून खाली नेलं. नागपूरला वडिलांना पत्रातही तेच लिहिलं. पुढे मंडळातही तेच.

नवऱ्याची अब्रू राखली. दुसरी बाई बॅग भरून निघून गेली असती.

आज सकाळी संहिता यांच्यापुढे ठेवली. "हे काय आहे?"

"नाटक आहे."

"तेवीस वर्षं मी झाकून ठेवलं ते तुम्ही चारशे माणसांपुढे मांडणार?"

"झाकून कुठे ठेवलंस?" ते म्हणाले. "दर वर्षी तूच मला उभं करतेस पोरांपुढे. मी सांगतो आणि तू शेवटच्या बाकावर बसून ऐकतेस. एक शब्द चुकला तर घरी आल्यावर दुरुस्त करतेस."

"तुमच्या भल्यासाठीच ना?"

"त्यापेक्षा त्या दिवशी एक थोबाडीत मारली असतीस तर बरं झालं असतं, शोभना."

याला काय अर्थ आहे? मी यांना शूर केलं, गावात मान मिळवून दिला, अठरा नाटकं यांच्यासाठी लिहिली, आणि यांना थोबाडीत हवी होती. मी त्यांना सांगितलं, सही मागे घेईन. "घे," म्हणाले. "पण येत्या रविवारी मी शाळेत ती गोष्ट सांगणार नाही. पुन्हा कधीच नाही." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

३१ ऑक्टोबर, बुधवार

दीपाला फोन केला. ती बॉथेलला असते, औषधांच्या कंपनीत. मला वाटलं ती माझ्या बाजूने बोलेल. तिला तर काही ठाऊकच नाही, असंही मला वाटत होतं.

"आई, आय वॉज फोर. आय रिमेंबर द टब. तू माझ्यावर होतीस अँड आय कुडन्ट ब्रीद."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कारण तू सगळ्यांना दुसरीच स्टोरी सांगत होतीस! मला वाटायचं मी ड्रीम केलं. मग बाबांनी मला सांगितलं, आय वॉज ट्वेल्व्ह. कारमध्ये. ही सेड सॉरी. ही क्राइड, आई."

"मला नाही कधी सॉरी म्हणाले."

"डिड यू एव्हर लेट हिम?"

आईशी बोलायची ही पद्धत नव्हे असं सांगून मी फोन ठेवला.

सही मागे घेण्याचं पत्र लिहिलं होतं. पाठवलं नाही. राजेशने कार्यक्रमपत्रिका छापून घेतल्या आहेत आणि त्यांवर माझं नाव आहे. एकदा दिलेली सही मी आजवर मागे घेतलेली नाही. एवढंच कारण आहे.

४ नोव्हेंबर, रविवार

गुरुनाथ खरंच शाळेत आले नाहीत. मुलं बाकांवर बसून राहिली होती. तेव्हा टोर्नेडोची गोष्ट मीच सांगितली. मला ती त्यांच्याहून चांगली पाठ आहे.

मंडळातल्या विक्रमची मुलगी अनिका, नऊ वर्षांची, हात वर करून म्हणाली, "शोभनाआजी, आजोबांच्या दोन्ही हँड्समध्ये तुम्ही होता ना? देन हू क्लोज्ड द डोअर?"

"वाऱ्याने," मी म्हटलं.

"विंडने बोल्ट कसा लावला?"

गोष्टीत बोल्ट आहे हे मी कधी सांगितलं, मला कळलं नाही. मी त्यांना शुद्धलेखनाला बसवलं. पोरगी अर्धा तास माझ्याकडेच बघत होती.

११ नोव्हेंबर, रविवार

काल प्रयोग झाला. सभागृह भरलं होतं. क्रमाने लिहून काढते.

पंख्याच्या प्रवेशाला शिट्ट्या आल्या. माझ्या नाटकांना अठरा वर्षांत एक शिट्टी आली नाही. अनीशने मुडदा होऊन चकली हुंगली, खाली ठेवली आणि तोंड वाकडं केलं तेव्हा राजेश खुर्चीतून घसरायचा बाकी होता. गुरुनाथांचं काम वाईट झालं असं मला म्हणता येत नाही. सरदार म्हणून ते खांबासारखे उभे असत. काल त्यांचे गुडघे, मान, बोटं, प्रत्येक अवयव वेगळा घाबरत होता आणि लोक गडबडा लोळत होते.

मग दाराचा प्रवेश. मधोमध दार, अलीकडे गुरुनाथ, पलीकडे बायको झालेली आश्लेषा. तिने बडवलं. "अहो, उघडा!" हे दाराला पाठ लावून बसले. "घरी कुणी नाही!" प्रचंड हशा. मग ती गप्प झाली, संहितेत आहे तसं. आता यांनी कडी काढायची आणि प्रेक्षकांकडे तोंड करून वाक्य म्हणायचं.

त्यांनी कडी काढली आणि थांबले.

मी विंगेतून हळूच वाक्य दिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा दिलं. ते पाहतच राहिले. वाक्य विसरलेला नट वर दिव्यांकडे बघतो, मला चांगलं माहीत आहे. हे विसरलेले नव्हते. हशा संपला. कुणीतरी खोकलं. पलीकडून आश्लेषा कुजबुजली, "काकू, लाउडर! त्यांना ऐकू येत नाहीये."

मी मोठ्याने म्हटलं. वर्गात म्हणते तसं, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं. "मला भीती वाटली. कडी मीच लावली."

पहिल्या रांगेत एक जण हसला आणि एकटाच पडला. तेव्हा गुरुनाथ लोकांकडे वळले आणि तेच वाक्य म्हणाले. साधेपणाने, मीठ मागावं तसं. टाळ्या कशाला पडल्या मला समजलं नाही. माझ्या हातातला कागद ओला झाला होता. विंगेत उकडतं.

नंतर चार बायका मला येऊन म्हणाल्या, "काय छान आयडिया! बायकोच आतून बोलते." मी म्हटलं, प्रॉम्प्टिंग होतं ते. कुणाचा विश्वास बसला नाही.

आज सकाळी चहा घेताना गुरुनाथ म्हणाले, "शोभना, त्या संध्याकाळचं..." आणि थांबले. दर वेळी ते इथेच थांबतात, कारण इथे मी उठते. मला कुकर लावायचा होता. उठले नाही. "बोला," म्हटलं.

"तू हाका मारत होतीस तोवर माझा हात बोल्टवर होता," ते म्हणाले. "काही केल्या हलेना. मग तुझा आवाज थांबला. मला वाटलं, गेलात तुम्ही दोघी. तेव्हा हलला. वर आलो तर तू टबातून उठत होतीस, केसांत काचा. मी काहीतरी बोलणार होतो. तू म्हणालीस, 'माणसं येतायत. काय सांगायचं ते मी सांगते. तुम्ही तोंड उघडायचं नाही.'"

मला हे वाक्य आठवत नाही. पण दुसऱ्या कुणाचं असेल असं वाटत नाही.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," मी म्हटलं. "तेव्हाही नाही, आजही नाही."

"मला वाटतच होतं," ते म्हणाले. "पण तू कधी बोलली नव्हतीस."

"मग आता बोलते. मध्ये एक शब्द काढायचा नाही."

त्यांनी कप बाजूला सारला आणि हात मांडीवर ठेवून बसले. मी सुरुवात केली तेव्हा साडेनऊ झाले होते. कुकर लावला दीड वाजता.